मक्याच्या स्टार्चपासून जिभेखालच्या गोळीपर्यंत: सॉर्बिटॉलची गोष्ट

टूथपेस्टच्या वेष्टनावरची घटकांची यादी वाचायला घेतली, की पहिल्या दोन-तीन नावांत बहुतेक वेळा सॉर्बिटॉल सापडतं. शुगर-फ्री च्युइंगममध्ये तेच असतं. खोकल्याच्या कितीतरी पातळ औषधांत आणि 'साखर न घातलेल्या' बिस्किटांतही तेच. क जीवनसत्त्वाच्या पांढऱ्या पावडरीत मात्र सॉर्बिटॉल नसतं, पण ती पावडर सॉर्बिटॉलपासूनच बनते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची छोटी गोळीही त्याच मुळाची.

एकाच पदार्थाची ही दोन रूपं आहेत. खाण्यात मुद्दाम घातलेला आणि शेवटपर्यंत खाण्यात राहणारा पदार्थ म्हणजे अॅडिटिव्ह. दुसरं काही बनवताना वापरलेलं आणि त्या प्रक्रियेत स्वतः संपून जाणारं रसायन म्हणजे इंटरमिजिएट. रोहा, महाड, लोटे, तारापूर या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांच्या तोंडी हा दुसरा शब्द रोजचा आहे. बाहेरच्या माणसाला तो ऐकूनच धास्ती वाटते. 'यात केमिकल आहे का?' हा प्रश्न मला सतत ऐकू येतो आणि त्यामागची काळजी खरी असते. पण त्या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'हो' असंच असतं, त्यामुळे त्यातून हाती काही लागत नाही. पदार्थ कोणत्या रूपात आहे, किती आहे आणि किती शुद्ध आहे, हे तीन प्रश्न विचारले तर बरंच कळतं. सॉर्बिटॉलच्या निमित्ताने ते तिन्ही समजून घेता येतात.

मूळ कुठलं

१८७२ साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सॉर्बिटॉल एका जंगली झाडाच्या फळांत सापडलं. सफरचंद, नाशपाती, चेरी, सुकवलेले आलुबुखार यांतही ते असतं. पण कारखान्याला लागणारं सॉर्बिटॉल फळांतून काढणं परवडत नाही. ते स्टार्चपासून करतात, आणि आपल्याकडे स्टार्च म्हटलं की मका आला. जळगाव, धुळे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात पिकणारा मका कोंबड्यांच्या खाद्याला जातो तसा स्टार्चच्या कारखान्यांतही जातो. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा स्टार्चसाठी ओळखलं जातं.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबलचक माळ. विकरं, म्हणजे एन्झाइम, वापरून ती तोडली की ग्लुकोजचं पाणी मिळतं. मिठाईवाले ज्याला लिक्विड ग्लुकोज म्हणतात ते याच वाटेवर अर्ध्यात थांबवलेलं असतं. पुढे या ग्लुकोजच्या पाण्यात निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या साथीने, शंभर अंशांच्या वरच्या तापमानाला आणि मोठ्या दाबाखाली हायड्रोजन वायू सोडतात. ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूला हायड्रोजनचे दोन अणू जोडले जातात आणि सॉर्बिटॉल तयार होतं. नंतर गाळणं, निकेलचा अंश काढून टाकणं, आटवणं. बाजारात ते मुख्यतः ७० टक्के तीव्रतेच्या दाट, रंगहीन, गोडसर पाकाच्या रूपात येतं, किंवा पांढऱ्या पावडरीच्या.

बदल फक्त दोन अणूंचा, पण त्याने ग्लुकोजचा स्वभावच पालटतो. ग्लुकोजच्या टोकाला एक चपळ गट असतो. तो प्रथिनांशी अभिक्रिया करतो, म्हणूनच पाव भाजताना वरची कड तांबूस होते. हायड्रोजन जोडल्यावर तो गट नाहीसा होतो. म्हणून सॉर्बिटॉल घातलेला पदार्थ तापवला तरी त्यामुळे तांबूस होत नाही, आणि औषधातल्या इतर घटकांशीही ते सहसा भांडत नाही. पाणी धरून ठेवायची ओढ मात्र त्याला भरपूर असते. नळीच्या तोंडाशी टूथपेस्ट कडक होत नाही आणि केक चार दिवस मऊ राहतो तो या गुणामुळे. पावडर तोंडात विरघळताना आजूबाजूची उष्णता शोषते, म्हणून च्युइंगम थंडगार लागतं. तोंडातले जंतू त्यावर फार सावकाश जगतात, त्यामुळे साखरेसारखी दातांना कीड लागत नाही.

गोड आहे, पण साखरेइतकं नाही

सॉर्बिटॉलची गोडी साखरेच्या साधारण ६० टक्के. साखरेच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, सॉर्बिटॉलच्या ग्रॅममधून सुमारे २.६. म्हणजे ते कॅलरीमुक्त नाही. साखरेइतकीच गोडी हवी असेल तर ते जास्त घालावं लागतं, आणि मग कॅलरींमधला फायदा उरतच नाही. रक्तातली साखर त्याने एकदम उसळत नाही, हा खरा लाभ. आतड्यातून ते हळूहळू आणि अर्धवटच शोषलं जातं आणि यकृतात त्याचं फ्रुक्टोज होतं.

जे शोषलं जात नाही ते मोठ्या आतड्यात पोचतं, तिथे पाणी ओढून घेतं आणि जंतू त्यापासून वायू करतात. पोट फुगणं, गुडगुडणं, जुलाब हे सगळं तिथून सुरू होतं. एका दिवसात वीस ग्रॅमच्या आसपास गेलं की पुष्कळांना हा त्रास होतो. काहींना त्याहून कमीतच. पदार्थात पॉलिओल, म्हणजे सॉर्बिटॉलच्या जातीचे गोड पदार्थ, १० टक्के किंवा जास्त असतील तर त्याने जुलाब होऊ शकतात अशी सूचना पाकिटावर छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना दिवाळीत कौतुकाने शुगर-फ्री मिठाईचा अख्खा डबा दिला जातो, तेव्हा ही ओळ कोणी वाचलेली नसते. एखाद-दोन तुकडे ठीक आहेत.

एका छोट्या गटासाठी मात्र सॉर्बिटॉल थोडंही नको. ज्यांना जन्मतःच फ्रुक्टोज पचवता येत नाही अशी आनुवंशिक व्याधी असते, त्यांच्या शरीरात सॉर्बिटॉलचं फ्रुक्टोज होऊन यकृताला इजा होते. व्याधी दुर्मीळ आहे, पण तान्ह्या बाळाला वरचं खाणं सुरू केल्यावर सतत उलट्या होत असतील तर बालरोगतज्ज्ञ ही शक्यता मनात ठेवतात. अशा मुलाच्या घरात औषधाच्या बाटलीवरची घटकांची यादीही वाचावीच लागते.

क जीवनसत्त्वाकडे जाणारी वाट

आता इंटरमिजिएटची बाजू. मला सॉर्बिटॉलची हीच बाजू सगळ्यात सुंदर वाटते.

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. शेळी करते, उंदीर करतो. माणूस, माकडं, गिनीपिग आणि काही वटवाघळं यांना ते जमत नाही, कारण साखळीतलं शेवटचं विकर आपल्याकडे निकामी झालेलं आहे. पूर्वी लांबच्या सफरींवर खलाशांच्या हिरड्या सुजून दात पडायचे आणि माणसं दगावायची, त्या स्कर्व्हीचं कारण हेच. १९३०च्या सुमारास हंगेरीतल्या सेंट-ग्यॉर्गी यांनी हा पदार्थ वेगळा केला, आणि इंग्लंडमध्ये हॉवर्थ यांनी त्याची रचना उलगडली. दोघांनाही १९३७ साली नोबेल मिळालं, एकाला वैद्यकाचं आणि दुसऱ्याला रसायनाचं.

रचना कळली तरी टनांनी बनवायचं कसं, हा प्रश्न उरला होता. १९३३ साली झ्युरिचमध्ये ताडेउश राइखश्टाइन यांनी त्याचं उत्तर शोधलं. त्यांच्या वाटेचा पहिला टप्पा म्हणजे ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल. दुसरा टप्पा त्यांनी एका जिवाणूवर सोपवला. सॉर्बिटॉलच्या रेणूत सहा कार्बन असतात आणि प्रत्येकावर एकेक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी. आपल्याला त्यांतला एकच, पाचव्या कार्बनवरचा, बदलायचा असतो. साधं रसायन वापरलं तर ते सहांपैकी कशावरही हल्ला करील. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचा एक भाऊबंद मात्र नेमका तोच गट ओळखतो आणि सॉर्बोज नावाची साखर तयार करतो, तीही जवळजवळ पूर्ण प्रमाणात.

यानंतर सॉर्बोजचं एक टोक ऑक्सिडाइझ करायचं असतं, बाकी रेणूला धक्का न लावता. रंगारी खिडकी रंगवताना काचेवर कागद चिकटवतो आणि रंग वाळला की तो काढून टाकतो. राइखश्टाइन यांनी तसाच अॅसिटोन वापरला. अॅसिटोन रेणूच्या नाजूक जागा झाकून बसतो, उघड्या राहिलेल्या टोकावर अभिक्रिया होते, आणि मग आम्लाने अॅसिटोन सुटा करतात. शेवटी रेणूची कडी बंद झाली की अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, हाती येतं. १९३४ मध्येच स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश कंपनीने रेडोक्सॉन या नावाने ते विकायला सुरुवात केली.

१९७०च्या आसपास चिनी शास्त्रज्ञांनी अॅसिटोनचा टप्पाच काढून टाकला. सॉर्बोजनंतरचं कामही त्यांनी जिवाणूंकडे दिलं, आणि एकाला नाही तर जोडीला: एक मुख्य काम करतो आणि दुसरा त्याच्या वाढीला हातभार लावतो. विद्रावक कमी लागले, खर्च उतरला, आणि आज जगातलं बहुतांश क जीवनसत्त्व चीनमध्ये तयार होतं. सुरुवातीचा कच्चा माल तोच आहे, मक्याचं स्टार्च आणि त्यातून सॉर्बिटॉल.

मग हे जीवनसत्त्व 'नकली' का? रेणू म्हणून नाही. आवळ्यातलं अॅस्कॉर्बिक आम्ल आणि कारखान्यातलं, दोन्हींची रचना एकच, आणि शरीर त्यांत फरक करत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरतं. १०० ग्रॅम आवळ्यात २०० मिलिग्रॅमहून अधिक असतं आणि पेरूही फार मागे नाही. फळाबरोबर चोथा आणि इतर घटक येतात, गोळीबरोबर येत नाहीत, एवढाच फरक. ज्याच्या घरी पेरू येतो त्याने गोळीवर पैसे घालवायची गरज नाही असं माझं मत आहे. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली सवय तर फारच शहाणपणाची: पोह्यांतलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही, क जीवनसत्त्व त्याचं रूप बदलतं आणि शोषण वाढतं.

तेच जीवनसत्त्व, पण कामाला वेगळं

आयएनएस म्हणजे प्रत्येक अॅडिटिव्हला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. पाकिटावर 'आयएनएस ३००' दिसलं की ते अॅस्कॉर्बिक आम्ल. पण प्रत्येक वेळी ते पोषणासाठी घातलेलं असेलच असं नाही. फळांच्या रसात ते ऑक्सिजन स्वतःवर घेतं आणि रस काळपट होऊ देत नाही. पावाच्या मैद्यात किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकं घातलं तरी कणीक बळकट होते आणि पाव छान फुगतो. भट्टीतून निघेपर्यंत जीवनसत्त्व म्हणून त्यातलं काही उरत नाही. तेलात अॅस्कॉर्बिक आम्ल विरघळत नाही, म्हणून तिथे त्याचं स्निग्ध आम्लाशी जोडलेलं रूप वापरतात, आयएनएस ३०४.

आयएनएस ३१५, एरिथॉर्बिक आम्ल, हे याचं जुळं भावंड. अणू तेवढेच, जोडणीही तीच, फक्त एका जागी दिशा उलटी. रस काळा पडू न देण्याचं काम दोघं सारखंच करतात, पण स्कर्व्ही रोखण्याची ताकद एरिथॉर्बिकमध्ये जेमतेम विसावा हिस्सा. एका गटाची दिशा फिरली की पोषण जातं आणि टिकवण्याचा गुण तसाच राहतो. 'कोणत्या रूपात?' हा प्रश्न का विचारायचा, हे दाखवणारं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आम्लयुक्त शीतपेयात अॅस्कॉर्बिक आम्ल आणि सोडियम बेंझोएट, आयएनएस २११, एकत्र असतील तर उष्णतेत आणि उजेडात त्यांच्यापासून अत्यल्प बेंझीन तयार होऊ शकतं. बेंझीन कर्करोगकारक आहे. १९९० च्या सुमारास हे लक्षात आल्यावर उत्पादकांनी मिश्रणं बदलली. दोन्ही आकडे एकाच बाटलीवर दिसले तर ती गाडीच्या डिकीत भर उन्हात ठेवू नये.

आइस्क्रीम आणि हृदय

सॉर्बिटॉलमधून आम्लाच्या साहाय्याने पाण्याचा एक रेणू काढला की सॉर्बिटान होतं, दोन काढले की आयसोसॉर्बाइड.

सॉर्बिटानला स्निग्ध आम्ल जोडलं की असा पदार्थ मिळतो ज्याचं एक अंग तेलाकडे आणि दुसरं पाण्याकडे ओढ घेतं. घरी पावासाठी आणलेल्या इन्स्टंट यीस्टच्या पाकिटावर आयएनएस ४९१ लिहिलेलं असतं. तो सॉर्बिटान मोनोस्टिअरेट कोरड्या यीस्टच्या पेशींना सांभाळतो. त्याच कुळातल्या पॉलिसॉर्बेट ८० ला, आयएनएस ४३३ ला, आइस्क्रीममध्ये काम असतं. ते दुधातल्या स्निग्ध कणांवरचं प्रथिनाचं आवरण थोडं सैल करतं, कण एकमेकांना चिकटून जाळी करतात, आणि घुसळताना शिरलेली हवा त्या जाळीत टिकते. काही लशींतही ते अगदी थोडं असतं. २०१५ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात या पदार्थामुळे आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला आणि तेव्हापासून माणसांबाबतचं संशोधन सुरू आहे. रोज पाकिटातलंच खाणाऱ्यांनी ते प्रमाण कमी करावं, असं म्हणायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं. कधीतरी खाल्लेल्या आइस्क्रीमची धास्ती घेऊ नये.

आयसोसॉर्बाइडवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या गोळीतलं औषध, मिळतं. शुद्ध रूपात ते स्फोटक असतं, म्हणून औषध कारखान्यात ते लॅक्टोजसारख्या निरुपद्रवी पावडरीत मिसळूनच हाताळतात. जिभेखाली विरघळलं की ते सरळ रक्तात जातं, शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचा भार हलका होतो. नायट्रिक ऑक्साइड हा शरीराचा स्वतःचा निरोप्या आहे हे शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं.

शुद्धतेचा प्रश्न

आतापर्यंतचं सगळं एका गृहीतावर उभं आहे: ड्रमवर जे लिहिलंय तेच ड्रममध्ये आहे.

सॉर्बिटॉलचा पाक दाट, रंगहीन, गोडसर. ग्लिसरीनही तसंच. आणि डायएथिलीन ग्लायकोल, ज्याला उद्योगात डीईजी म्हणतात, तेही दिसायला आणि चवीला त्यांच्या जवळचं. ते स्वस्त आहे, विद्रावक म्हणून आणि रेझिन करायला चालतं, आणि पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषधाच्या पातळ मिश्रणात विद्रावक म्हणून ते वापरलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा झाला. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डीईजी मिसळलेलं ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण दगावले. औषधी दर्जाच्या जागी औद्योगिक दर्जाचा माल आला होता. त्यावरच्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने राज्याच्या औषध यंत्रणेचे वाभाडे काढले.

त्यानंतरही हे थांबलं नाही. २०२२ मध्ये गांबिया, इंडोनेशिया आणि उझबेकिस्तानात अशाच दूषित सिरपमुळे लहान मुलं गेली. १ जून २०२३ पासून भारतातून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या सिरपना प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात, आपल्याच देशात विकलेल्या सिरपने मुलांचे जीव घेतले. परदेशी जाणाऱ्या बाटलीची तपासणी सक्तीची आणि गावातल्या मेडिकलमध्ये विकल्या जाणाऱ्या बाटलीची तेवढी नाही, ही गोष्ट स्वीकारणं मला शक्य होत नाही.

दर्जा म्हणजे नेमकं काय ते इथे कळतं. तांत्रिक दर्जाचं सॉर्बिटॉल फोम आणि रंगासाठी चालतं. खाद्य दर्जाच्या सॉर्बिटॉलमध्ये एका किलोत निकेल २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, कारण निकेल उत्प्रेरकातूनच येऊ शकतं. औषधी दर्जाच्या पाकात डीईजी आणि एथिलीन ग्लायकोल प्रत्येकी ०.१० टक्क्याच्या आत असल्याची चाचणी करावी लागते. माल घेताना विश्लेषणाचा दाखला मिळतो, पण दाखला एका बॅचचा असतो आणि हातात येणारा ड्रम अनेक गोदामांतून फिरून आलेला असतो. म्हणून दाखला पाहून सही करणं पुरत नाही. प्रत्येक ड्रममधून नमुना काढून तपासावा लागतो. लहान मिठाई कारखानदार किंवा घरगुती सरबतं करणारा बचत गट अशी यंत्रं ठेवू शकत नाही. त्यांनी निदान सीलबंद डबाच घ्यावा. त्यावर खाद्य दर्जाचा उल्लेख, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असावा. सुटं, कॅनमध्ये ओतून मिळणारं स्वस्त सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन घेऊ नये.

पाकीट हातात आल्यावर

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. आयएनएस ४२० पहिल्या दोन-तीनांत असेल तर पदार्थात सॉर्बिटॉल भरपूर आहे असं समजून जपून खावं. ते शेवटी कुठेतरी असेल तर फक्त ओलावा धरायला घातलं आहे, त्याने पोट बिघडायचं नाही. रसाच्या पाकिटावर समोर 'क जीवनसत्त्वाने समृद्ध' लिहिलं असेल तर मागचा पोषणाचा तक्ता पाहावा आणि १०० मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचावं. तिथे आकडा नसेल आणि यादीत नुसतं आयएनएस ३०० किंवा ३१५ असेल, तर ते रसाचा रंग टिकवायला घातलेलं आहे.